सवतीला हजर करा

इरा आणि ओम, गेल्या महिन्यात तुमच्या शाळेतल्या एका बाईंनी तुमच्या आईबाबांना बोलावून घेतलं. घरात कोण कोण राहतं, कोण कोणावर ओरडतं, इंडियातले आजी-आजोबा कसे आहेत, असं बरंच काही विचारलं. तुमची आई घाबरली. तिकडे ती फोनवर रडकुंडीला आलेली आणि इकडे आदिलाबादला मी पलंगावर बसून इतकी हसत होते की ठसका लागला आणि तुमच्या आजोबांना पाणी आणायला धावावं लागलं. तुमच्या आईला वाटलं, म्हातारपणी माझं डोकं फिरलं. तसं काही नाही. त्या बाईंनी जे काम केलं, तेच काम मी इथं जन्मभर केलं आहे. त्यांनी का बोलावलं ते शेवटी सांगेन. आधी सांगितलं तर तुम्ही पुढचं वाचणार नाही, हे मला ठाऊक आहे.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी कळवलं, ‘नोकरीतले अनुभव पाठवा.’ नोकरी कधी लागली, बढती कधी मिळाली, निरोप समारंभाला कोणती शाल दिली, हे मी लिहिणार नाही. शाल चांगली होती, एवढं पुरे. हे मी तुम्हा दोघांसाठी लिहिते आहे. बाकीच्या वाचकांनी शेजारच्या खोलीतून ऐकतात तसं ऐकावं.

तेव्हा आपला जिल्हा आंध्र प्रदेशात होता. एखादं मूल अनाथ झालं, हरवलं किंवा घरातून पळालं, की ते जिल्ह्याच्या गावातल्या बालगृहात यायचं. त्याला घरी परत पाठवायचं की नाही, हे ठरवण्याआधी कुणीतरी त्या घरी जाऊन बघावं लागे. काय बघायचं? घर चालतं कसं ते. चूल पेटते का, एवढंच नाही. मूल रडलं तर कोण उठतं, एक रुसला तर दुसरा काय करतो, घरातल्या सगळ्यांत दुबळा माणूस कोण आणि त्याच्या ताटात शेवटी काय उरतं. हे बघणारी बाई म्हणजे मी.

हैदराबादच्या इंग्रजी कॉलेजातून मी हे काम शिकून आले होते. साडीला कडक इस्त्री, पिशवीत टोक केलेल्या पेन्सिली आणि छापील प्रश्न. ते प्रश्न ज्यानं काढले त्याच्या देशात घरोघरी टेबल असावं. ‘कुटुंब जेवणाच्या टेबलावर एकत्र बसतं का?’ असं मी जैनथकडच्या एका कापूसवाल्या शेतकऱ्याला विचारलं. तो अगदी मनापासून म्हणाला, “टेबल हाय ना बाई. शाळेत हाय.”

दुसरा प्रश्न होता, ‘घरातले निर्णय कोण घेतं?’ बाजारहत्नूरला एक शिक्षक होते. बुद्धमूर्तीपुढं स्वच्छ चटई, कपाटभर पुस्तकं. ते ताठ बसून म्हणाले, “आमच्या घरी लोकशाही आहे.” आतून भांड्यांच्या आवाजावर बाईंचा आवाज आला, “निवडनूक कदी झाली म्हनं? मले तं चिट्टी नाई आली!”

मी लिहिलं : कुटुंब उत्तम चालतं.

हळूहळू मी प्रश्न पिशवीतच ठेवू लागले. घरात शिरलं की आधी पाणी मागायचं. कोण कुणाला सांगतं, कोण उठतं, तांब्या कुणाच्या हातातून कुणाच्या हातात जातो, आणि तेवढ्या वेळात कोण काय बोलतं, यात घर दिसतं. कोण काय बोलत नाही, यातही दिसतं. आपल्याकडे नवऱ्याच्या थोरल्या भावाला भासरा म्हणतात. धाकटी सून भासऱ्यासमोर पदर ओढून मुकी होते. शहरातून आलेला माणूस लिहितो, ‘दोघांत अबोला आहे.’ अबोला कसला? तो इथला नमस्कार आहे. गप्प बसण्याची नाती मला अशी लवकर कळली. वाट्टेल ते बोलण्याची नातीही असतात, हे मला जंगूनं शिकवलं.

जंगू सहा वर्षांची, इंद्रवेल्लीकडच्या एका गोंड पाड्यावरची. आईबाप आधीच गेलेले. ती आजोबांच्या खांद्यावरच वाढली म्हणायची. म्हातारा आजारी पडला, दवाखान्यात आला, तर ही त्याचं धोतर धरून बरोबर आली. म्हातारा दवाखान्यातच गेला. एकट्या पोरीला नर्सबाईंनी बालगृहात पोहोचवलं. गावाहून काका आला, त्याला बापाचं प्रेत मिळालं, पण पोरगी मिळाली नाही. चौकशी झाल्याशिवाय मूल देता येत नाही, असं त्याला सांगितलं गेलं. तो नियम बरोबरच होता.

घोटाळा पुढं झाला. बालगृहाच्या वॉर्डनबाई तेलुगू होत्या, त्यांचा कारकून मराठी. त्यानं जंगूला विचारलं, “घरी कोण आहे?”

“सवत.”

“कुणाची सवत?”

“माही.”

“आणि नवरा?”

“मेला. दवाखान्यात.”

आता गंमत बघा. तिचं बाकीचं सगळं बोलणं कारकुनाला तेलुगूत करून सांगावं लागलं असतं. पण सवतीला तेलुगूतही ‘सवती’च म्हणतात. वॉर्डनबाईंना भाषांतर लागलंच नाही. ज्या शब्दाला दुभाषा लागला नाही, त्याच शब्दानं सगळा घोळ घातला.

मिसल, म्हणजे फाइल, आमच्या साहेबांच्या टेबलावर पळतच आली. प्रसादराव साहेब आंध्रच्या किनाऱ्याकडचे तेलुगू, देहानं मोठे, डोक्यानं पूर्ण गुळगुळीत. मन लोण्याचं, पण राग आला की टेबलावरचा पेपरवेट नाचायचा. त्या दिवशी तो खालीच पडला.

“सहा वर्षांची विधवा! वर आणखी सवत! ही माणसं आहेत का?”

ते चिडले म्हणून त्यांना हसू नका. लहान मुलींची लग्नं होत होती, आम्ही ती थांबवतही होतो. त्यांचा राग खरा होता, फक्त पत्ता चुकला होता. त्यांनी ठरवून टाकलं : मुलीला हैदराबादच्या संस्थेत पाठवायचं. सोमवारी गाडी निघणार. त्याआधी मी गावात जाऊन यायचं आणि—इथं त्यांनी माझ्याकडं बोट केलं—“त्या सवतीला हजर करा!”

निघण्याआधी मी जंगूला भेटायला गेले. तोवर वॉर्डनबाई, डॉक्टर, पोलिसातल्या बाई, सगळ्यांनी तिला पुनःपुन्हा नवऱ्याचंच विचारलं होतं. आपण काहीतरी भयंकर बोललो, एवढं तिला कळलं होतं. तिनं बोलणं बंद केलं होतं. नाव विचारलं तरी ओठ मिटलेले. मी हिंदी, मराठी, मोडकी गोंडी, सगळं करून पाहिलं. ती माझ्या साडीच्या इस्त्रीकडं बघत राहिली. हैदराबादला तिची बोली कळणारं कुणी नव्हतं. तिथं हे मूल मुकंच राहणार होतं.

इंद्रवेल्लीकडच्या गावांत तेव्हा खाकी रंगाची गाडी दिसली की पोलीस आले समजून माणसं रानात जात. त्याला कारण होतं. ते या लेखात मावणार नाही, तुम्ही मोठी झालात की सांगेन. मी जीप लांब मोहाच्या झाडाखाली सोडली आणि चालत गेले. अंगणात एक म्हातारी सुपात ज्वारी पाखडत होती. ही भीमबाई, जंगूची आजी. गोंडी तिची घरची भाषा, पण बाजारहाटाची आणि घरच्या थट्टेची मराठी फर्डी.

“तू कोन वं?”

“मी सरकारी बाई.”

“कोन्या सरकारची सून?”

या प्रश्नाचं उत्तर कॉलेजात शिकवलेलं नव्हतं. मी माहेर सांगितलं, सासर सांगितलं, आईचं गाव सांगितलं. तिनं सगळ्यांची नावं सुपातल्या ज्वारीसारखी वरखाली केली. कुठल्याशा बाजारात माझ्या आईच्या बापाचे बैल आणि तिच्या दिराचे बैल एकाच झाडाला बांधत असावेत, असं तिनं स्वतःच ठरवलं आणि निकाल दिला, “मंग तू माही नात.”

मी सवयीनं पाणी मागितलं. भीमबाईनं आत हाक मारली, “पानी आन वं कोनी! माही सवत आली!”

मी दचकून मागं बघितलं. मागं एक कोंबडी होती.

“सवत? कोण सवत?”

“तू. नात म्हनजे सवतच ना वं.”

“आणि... जंगू?”

सूप थांबलं. “थे माही थोरली सवत. कोठी ठेवली तुमी तिले? जेवते का?”

माझ्या हातातली पेन्सिल पडली. टोक मोडलं. मला कळायला तेवढाच वेळ लागला. बाकीचं भीमबाईनं सांगितलं. म्हातारा नातीला ‘बायको’ म्हणायचा. “चाल बायको, बाजारात जाऊ,” म्हणून खांद्यावर घ्यायचा. भीमबाई मागून ओरडायची, “मले काऊन नाई नेत? सवतीचेच लाड कर!” आणि खांद्यावरची बायको तिला जीभ काढून दाखवायची. सगळ्या पाड्यानं बघितलेली ही रोजची थट्टा होती. तेवढ्यात भीमबाईची थोरली सून पाणी घेऊन आली, आणि धाकट्या दिरानं तिला विचारलं, पाणी इतकं गढूळ कसं, त्यात तोंड धुऊन आलीस का? तिनं त्याला सांगितलं, तुझं तोंड धुवायला पैनगंगा पुरायची नाही. एरवी मी मनात नोंद केली असती : कलह. आज मला उमगलं की भासऱ्यापुढचं मौन आणि ही शिवीगाळ एकाच कापडाचे दोन काठ आहेत.

मी हसायला लागले. मला बसवेना. कचेरीत काय समजलं आहे ते मी सांगितलं, तेव्हा अख्खं अंगण हसायला लागलं. भीमबाई सूप आपटून हसली आणि मग एकदम तिनं तोंडावर हात मारून घेतला.

“मंग आता? देनार नाई का पोट्टीले?”

“चला माझ्याबरोबर. सवतीला हजर करायचा हुकूम आहे.”

“कोनाचा हुकूम?”

“साहेबांचा.”

“थो साहेब माहा कोन लागते?”

मी म्हटलं, ते मला माहीत नाही. ती म्हणाली, मग तिथंच पाहू.

कचेरीत भीमबाई खुर्चीवर बसली नाही. भिंतीला टेकून जमिनीवर बसली. प्रसादराव टेबलामागं, मी मधे दुभाषी. साहेबांनी कडक आवाजात विचारलं, “त्या मुलीचं लग्न कुणी लावलं?”

भीमबाईनं पदर सावरला.

“उत्तर द्या!”

भीमबाई मला म्हणाली, “याले विचार, थो माहा कोन होते? जावई झाला तं मी पदर घेईन अन् तोंड नाई उघडनार. भाऊ झाला तं मोजून बोलीन. नातू झाला तं सबन सांगीन, पन मंग मी काई बी बोलीन. काय होते म्हनं?”

मी तेलुगूत सगळं सांगितलं. साहेबांनी डोळे मिटले. ते कायद्याचे माणूस. जबाब पाहिजे तर बोलणारं नातं पाहिजे, हे त्यांना लगेच पटलं. टाइपरायटरवरच्या कारकुनाकडं न बघता ते हळूच म्हणाले, “सरे. मनवडु.”

“बरं म्हणतात. नातू,” मी म्हटलं.

भीमबाईनं त्यांच्याकडं खालून वर पाहिलं. नजर वरच थांबली. “मंग सांग नातवा, तुह्या डोक्शावरचं पीक कोन्या बकरीनं खाल्लं?”

टाइपरायटर थांबला. साहेब माझ्याकडं बघायला लागले. कॉलेजात मला भाषांतरात चांगले मार्क होते. मी प्रामाणिकपणे भाषांतर केलं, बकरीसकट.

मग साहेबांचं पोट हलायला लागलं, मग टेबल, मग पेपरवेट. कारकून टाइपरायटरवर डोकं ठेवून हसला आणि कागदावर एकदम बरीच अक्षरं उमटली.

मग भीमबाईनं सबन, म्हणजे सगळं, सांगितलं. म्हातारा, खांदा, बाजार, बायको, सवत. साहेबांनी डोळे पुसत सगळं ऐकलं आणि मग गंभीर झाले. म्हणाले, “मला पटतं. पण म्हातारी म्हणते म्हणून मी मूल देऊ शकत नाही. मुलीनं बोललं पाहिजे. आणि मुलगी बोलत नाही.”

ते बरोबर होते. त्यांच्या जागी मी असते तर हेच म्हटलं असतं.

जंगूला आणलं. बालगृहाचा कडक फ्रॉक, दोन वेण्या, लाल रिबिनी, तोंडाला पावडर. वॉर्डनबाईंच्या पदराआड ती उभी राहिली. आजीकडं धावली नाही. आजीही उठली नाही. वॉर्डनबाईंनी माझ्याकडं अर्थपूर्ण बघितलं : बघा, प्रेम असतं तर पोरगी अशी उभी राहिली असती का?

भीमबाईनं नातीला नीट न्याहाळलं. “काऊन वं सवती? पावडर लावून कोन्या नव्या नवऱ्याले पाह्याले आली?”

हे मी भाषांतरित केलं नाही. जंगू पायांकडं बघत होती. भीमबाईचा एक हात पदराखाली होता. तो पदराचं टोक पिळत होता. मी जवळ होते म्हणून मला दिसला.

“बोलत नाई? जीभ बी दवाखान्यात ठेवली का?”

माझ्या मनात सोमवारची गाडी सुरूही झाली होती. तेवढ्यात लाल रिबिनी हलल्या.

“तुहे दात जिथं गेले,” जंगू म्हणाली, “तिथंच गेली.”

“अरे बाप रे!” म्हणून कारकून उभाच राहिला. साहेब “एंटी? काय म्हणाली?” विचारत होते आणि मला हसण्यामुळं आणि रडण्यामुळं सांगता येत नव्हतं. जंगू पदराआडून पुढं आली होती. अगदी बारीक आवाजात ती म्हणाली, “बुडा मेला.”

“हाव,” भीमबाई म्हणाली. “दोघींचाबी मेला.”

आणि मग पोरगी आजीच्या मांडीत शिरली. फ्रॉकच्या इस्त्रीची वाट लागली.

साहेब उठून खिडकीशी गेले. पाठमोरेच मला म्हणाले, “माझी आजी मला मोगुडा म्हणायची.” मोगुडा म्हणजे नवरा. “पन्नाशी आली आणि मी हे विसरलो कसा?” मग येऊन त्यांनी सही केली.

जाताना भीमबाईनं आशीर्वाद दिला, “येतो नातवा. डोक्शाले मोहाचं तेल लावत जाय.” पुढं बरेच दिवस आमच्या कचेरीत मोहाच्या तेलाचा वास येत होता. कुणाच्या डोक्याचा, ते मी विचारलं नाही.

त्यानंतर हाताखाली जी नवी मुलंमुली काम शिकायला आली, त्यांना मी सांगत असे : घरात कोण कुणाशी गोड बोलतं ते मागाहून बघा, आधी कोण कुणाला शिव्या देऊ शकतं ते विचारा. ती चमकून वहीत लिहीत. एक खंत मात्र राहिली. गोंडी मी कधी नीट शिकले नाही, नेहमी मराठीच्या खिडकीतून त्या घरांत बघितलं. ज्यांच्या आज्या कचेरीपर्यंत पोहोचू शकल्या नाहीत, अशा किती थोरल्या सवती कुठं कुठं गेल्या असतील, कोण जाणे.

जंगू मला पुन्हा एकदा भेटली. मी निवृत्त व्हायच्या सुमारास इंद्रवेल्लीच्या बसथांब्यावर उभी होते, बरोबर हैदराबादहून आलेले मोठे अधिकारी. पलीकडून कडेवर मूल घेतलेली एक बाई मोठ्यानं ओरडली, “काऊन वं सवती! केस पांढरे करून कोठी चालली?” अधिकारी घाबरून माझ्याकडं बघू लागले. मी मात्र रस्ता ओलांडून पळत गेले. या वयात पळू नये, असं तुमचे आजोबा म्हणतात.

आता तुमची गोष्ट. इरा, तू वर्गात चित्र काढलंस आणि सगळ्यांना सांगितलंस की हा मिशीवाला माझा नवरा, तो इंडियात राहतो, आणि ही त्याची दुसरी बायको, आम्ही त्याच्यावरून रोज फोनवर भांडतो. यातला शब्द न् शब्द खरा आहे. फक्त तुझ्या इंग्रजीत ‘सवत’ मावली नाही.

म्हणून मग त्या बाईंनी माझ्याशीही बोलायचं ठरवलं. परवा फोनच्या पडद्यावर दिसल्या. तरुण, नम्र, शर्टाला कडक इस्त्री. मला त्यांच्याबद्दल एकदम माया वाटली. त्यांनी विचारलं, “तुमचं आणि इराचं नातं कसं आहे?”

मी पदर नीट केला. म्हटलं, “सगळं सांगते. पण आधी ठरवा, तुम्ही माझ्या कोण? सून झालात तर मी मोजून बोलेन. नात झालात तर सगळं सांगेन, पण मग मी काहीही बोलेन.”

त्या गोंधळल्या. कागदात बघितलं. तिथं उत्तर नव्हतं, ते मला माहीतच होतं. मग त्या हसल्या आणि म्हणाल्या, “नात.”

“मग बस सवती,” मी म्हटलं, “चहा घेऊन येते.”